मध, नारू आणि अक्काचे सासरे

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका मधमाश्यांवर विश्वास ठेवणारा आणि माणसांच्या पोटावर संशय घेणारा गृहस्थ साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या: पोटात जंत असलेली माणसं, आणि पोटात जंत असून नाही म्हणणारी माणसं. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुडा जिथे उभा राहायला सुरुवात करतो तिथे त्यांचं गाव. घरची कपाशी, ज्वारी, दोन बैलजोड्या, गावात मान. लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत. पण आबांचा जीव शेतात रमला नाही आणि चावडीवर तर नाहीच नाही. तो अडकलेला असायचा कुठल्या तरी झाडाच्या ढोलीत, नाही तर कड्याला लोंबणाऱ्या एखाद्या पोळ्यात. त्यांच्या माजघरात भिंतीशी मधाची बारा मडकी ओळीनं मांडलेली असत, तोंडं मेणानं बंद केलेली, आणि कुठल्या मडक्यात पळसाचा मध, कुठल्यात मोहाचा, कुठल्यात कडुनिंबाचा, हे ते मडक्यावर नुसतं बोट वाजवून सांगत. ह्या बारा मडक्यांचा उपयोग मात्र एकच, अशी त्यांची पक्की खात्री होती. तो म्हणजे माणसाच्या पोटातले जंत काढणं.

त्यांची माझी पहिली भेट अक्काला बघायला आले तेव्हा झाली. मी नुकताच शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो होतो. अंगात खाकी कोट होता आणि डोक्यात थोडी हवा. अक्का पोह्यांचं ताट घेऊन आली. आबांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं, म्हणाले, "पोर चांगली शे," आणि लगेच माझ्याकडे वळले. अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून त्यांनी आत पाहिलं. मग जीभ बाहेर काढायला लावली. "झोपम्हा दात खास का?" त्यांनी विचारलं. वडिलांना वाटलं, मुलीच्या घरात काही आनुवंशिक दोष आहे का ते पाहतायत. आईनं पदराआडून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. सगळे पाहुणे पोह्यांचा घास हातात धरून थांबले होते. शेवटी आबांनी निकाल दिला: "सोयरीक पक्की. पण ह्या पोरना पोटम्हा जंत शेत. लगीनना पहिले काढी टाकसूत."

तिसऱ्या दिवशी ते स्वतः बैलगाडीतून मधाचं बोळकं आणि पुडी घेऊन हजर झाले. दवाखान्यात जंतांचं औषध माझ्या हाताखालच्या बाटलीत होतं, पण मुलाकडच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? घेतलं. औषधाच्या चौथ्या दिवशी सकाळी काय झालं ते सभ्यतेखातर सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर बरीच वर्षं मी त्यांच्यापुढे कंपाउंडर असल्याचा तोरा मिरवला नाही. बरीच वर्षं म्हणतो, कारण पुढे एकदा मिरवला, आणि ती गोष्ट सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच आहे.

आबांची रीत ठरलेली होती. दोन दिवस सकाळी उपाशीपोटी नुसता मध. तिसऱ्या दिवशी त्याच मधात वावडिंग आणि पळसाच्या बियांची पूड. चौथ्या दिवशी एरंडेल. ह्यामागचं शास्त्र ते रोग्याला समोर बसवून समजावत, मग तो रोगी चार वर्षांचा असो नाही तर मामलेदार कचेरीतला कारकून. "पाहुणा घरम्हा घुसना, निंघाले तयार नही. त्याले काठी दाखाडी तं तो कोपराम्हा दडस. त्याले पहिले गोड खावाड. दोन दिन गोड खावाड. मंग तो आपेआप पुढे येस, तोंड उघडस. तवय कडू!" आणि ते 'कडू' म्हणताना अशी काही टाळी वाजवत की रोग्याच्या पोटातले नसलेले जंतही दचकावेत. आमचे डॉक्टर पुण्याकडचे होते, मोजकं बोलणारे. मी त्यांना हे शास्त्र सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, काम वावडिंग करतं, पळस करतो आणि एरंडेल करतं. मध आपला नुसता मिरवतो." मी पुढच्या खेपेला हा निरोप आबांना पोचवला. ते म्हणाले, "तुना डॉक्टरले सांग, वरातम्हा नवरदेव बी नुसता मिरवस. त्याले काढी टाक, नि मंग वरात ने देखू!" डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते त्या दिवशी दोनदा हसले. दवाखान्यात असं पूर्वी कधी घडलेलं नव्हतं.

मध हा खायचा जिन्नस आहे ही गोष्ट आबांना मान्यच नव्हती. अक्काच्या सासूबाई, म्हणजे जिजी, आल्यागेल्याला एकच गाऱ्हाणं सांगत: "घरम्हा बारा मडका मध शे, नि मी च्याम्हा गूळ टाकस." नातवंडांपैकी कुणी भाकरीबरोबर मध मागितला की आबा आधी त्याची पापणी ओढून बघत. जंत नसतील तर मध नाही. पोरं हुशार. मध हवा असला की ती आबांसमोर बसून करकरा दात खात. आबांना हे नाटक कळत नव्हतं असं नाही. ते बोळकं काढत, मध चाटवत, आणि मग शांतपणे म्हणत, "आते परवादिन एरंडेल." म्हणजे मधाची हौस फिटायची आणि एरंडेलाची धास्तीही बसायची.

माणसांशी आबा फटकळ. भाऊबंदांपासून पाटलापर्यंत कुणालाही 'अरे' म्हणायला ते कचरत नसत. मधमाश्यांशी बोलताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा. "माय, जरा सरकी जाय," ते म्हणत आणि पोळ्यात उघडा हात घालत. "माय, तिसरा हिस्सा तुना, त्याले मी हात लावाव नही." त्याप्रमाणे ते पोळ्याचा तिसरा भाग कधी कापत नसत, आणि कुणी कापला तर त्याच्याशी बोलत नसत. मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. शिरपूरचा आठवडे बाजार भरलेला. दुपारची वेळ. एकाएकी आभाळात दोर ओढल्यासारखा आवाज आला आणि माश्यांचा एक उठलेला थवा बाजारावरून घिरट्या घालत खाली आला. मिरच्यांच्या ढिगावरून उड्या टाकत माणसं पळाली, बैलांनी गाड्या उलटवल्या, बांगडीवाली आपल्या टोपलीखाली शिरली. मी दवाखान्याच्या ओट्यावरून पाहत होतो. मोकळ्या झालेल्या बाजारात एकटे आबा उभे होते, आणि सगळा थवा त्यांच्या पांढऱ्या पटक्यावर बसला होता. आधी मुठीएवढा, मग घागरीएवढा. त्यांचा अर्धा चेहरा दिसत नव्हता. ते हलले नाहीत. मग माश्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात काहीतरी म्हणाले आणि चालू लागले, डोक्यावर भरली घागर असावी तसे. बाजारापासून त्यांच्या गावापर्यंत अडीच कोस वाट. ती त्यांनी तशीच तोडली, आणि मागे शंभर पावलं अंतर राखून अर्धा बाजार. घरी पोचल्यावर त्यांनी पटका उतरवून रिकाम्या मडक्याच्या तोंडाशी ठेवला आणि संध्याकाळपर्यंत शेवटची माशी आत गेली. मी विचारलं, "आबा, भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "वाटनी ना. त्यासले लागाले नको म्हणीसन पाय जपी टाकनू."

आता त्या उन्हाळ्याविषयी. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. त्या काळी आमच्याकडे उन्हाळा म्हणजे नारूचे दिवस. आजच्या वाचकाला नारू माहीत नसेल, म्हणून सांगतो. माणसाच्या पायावर एक फोड येतो. तो फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं बाहेर काढतो. हातभर लांब, कधी त्याहून जास्त. तो एकदम ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळून रोज बोटभर, दोन बोटं, असा महिनाभर काढावा लागतो. आत तुटला तर पाय भोपळ्यासारखा सुजतो, ताप भरतो, माणूस जन्माचा लंगडा होतो, आणि कधीकधी राहतच नाही. पेरणीच्या तोंडावर घरटी एक माणूस खाटेवर, अशी गावंच्या गावं मी पाहिली आहेत. आबांच्या गावात त्या वर्षी तसंच झालं होतं, आणि आबा रोज सकाळी मधाचं बोळकं घेऊन घरोघर फिरत होते. जखमेवर मध, वर मेण आणि तिळाचं तेल कढवून केलेला मलम. त्या मलमात ते पोळ्यातला काळा चिकट डिंक घालत. माश्या आपल्या घराच्या भेगा बुजवायला जो झाडांवरून गोळा करून आणतात, तो. "ज्या डिंकवरी त्या आपलं घर बुजाडतस, त्यानावरी आपली कातडी बी बुजास," हे त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या रोग्यांच्या जखमा आमच्या दवाखान्यातल्या जखमांपेक्षा लवकर भरत होत्या.

त्याच दिवसांत निरोप आला की अक्काच्या घोट्याला नारू निघालाय. दाजी धुळ्याला कापसाच्या जिनात कामाला, ते घरी नव्हते. मी दोन दिवसांची रजा काढून गेलो. अक्का माजघरात बसलेली, घोट्याशी काडी बांधलेली, काडीला दोन वेढे. आबा गावात फेरीला गेले होते. मी पिशवीतून आयोडीन, कापूस, चिमटा काढला. अक्का म्हणाली, "आबा येऊ दे. ते रोज बोटभरच काढायला सांगतात." मी म्हणालो, "अगं, आबा शेतकरी आहेत. मी रोज हेच करतो." खरं म्हणजे मी रोज हे करत नव्हतो. मी बाटल्या भरत होतो. दोन दिवसांत काम उरकून, बहिणीला मोकळी करून, शाबासकी घेऊन परत जायचं माझ्या मनात होतं. नारू सैल वाटला. मी ओढला. आणखी ओढला. चार बोटं आला. मग हाताला काहीतरी सुटल्यासारखं लागलं, आणि चिमट्यात तुटका दोरा राहिला.

संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी अक्का तापात काहीबाही बोलू लागली. तिला धुळ्याच्या मोठ्या इस्पितळात न्यावं असं माझ्या मनात आलं, पण बैलगाडीच्या एका धक्क्यानं ती किंचाळली आणि गाडी दारातूनच मागे फिरवावी लागली. मी ओट्यावर बसून रडत होतो. आबा येऊन शेजारी बसले. मला वाटलं, आता सारं गाव ऐकेल असं बोलणार. पापणी ओढून चारचौघांत माझी शोभा करणारा तो माणूस. त्यांनी विचारलं, "कितला निंघना व्हता?" मी हातानं दाखवलं. "म्हणजे आर्धा मझार शे," ते म्हणाले. मझार, म्हणजे आत. उठले, हात राखेनं धुतले, गरम पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकायला सांगितला आणि माजघरात शिरले.

तिथे जिजी आडव्या आल्या. आमच्याकडे त्या काळी सासऱ्यासमोर सून तोंड उघडं टाकत नसे. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून भांडं वाजवून निरोप द्यायची. सासऱ्यानं सुनेला हात लावणं तर बोलायलाही नको. इतर बायांच्या जखमा आबा दारातून सांगून त्यांच्या घरच्यांकडून करवून घेत. अक्काचाही नारू इतके दिवस त्यांच्या सांगण्याप्रमाणे जिजीच काढत होत्या. "भाऊ शे ना तिना, तो करी," जिजी म्हणाल्या. आबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते पाठीमागे घेतले. "सासरा सूनना पायले हात लावी?" जिजी पुन्हा म्हणाल्या. "लोके काय म्हणतीन?"

आबा म्हणाले, "लोके काय म्हणतीन ते लोके म्हणतीन. मन्ही आंडेर राहती तं तू माले आडवती का?"

आंडेर म्हणजे मुलगी. आबांना मुलगी नव्हती. जिजी बाजूला झाल्या.

पुढचे एकवीस दिवस मी जे पाहिलं ते माझ्या पुढच्या साऱ्या नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. रजा संपली, मी चिठ्ठी पाठवून वाढवली. आबा जमिनीवर मांडी घालून अक्काच्या पायांशी बसत. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची, पू काढायचा, कडुनिंबाचा मध भरायचा, वर मलम, वर धुतलेलं फडकं. घाण सुटायची, मी कितीदा तरी बाहेर गेलो. ते कधी उठले नाहीत. बाराच्या बारा मडकी त्यांनी उघडून वास घेऊन पाहिली आणि सर्वांत जुना मध तिच्यासाठी ठेवला. अक्का पदर तोंडावर ओढून पडलेली. त्या पदराआडून ती कण्हायची, तेव्हा ते ज्या आवाजात माश्यांशी बोलत त्याच आवाजात म्हणत, "माय, जरा दम धर. झायं, माय." नवव्या दिवशी घोट्याच्या दुसऱ्या बाजूला गळू झालं आणि ते फुटलं. त्यातून नारूचं उरलेलं शेपूट दिसलं. आबांनी ते काडीला घेतलं. मी म्हणालो, "आता ओढून टाका, तुटलेलाच आहे." त्यांनी मान हलवली. रोज भाताच्या शिताएवढा, बारा दिवस. शेवटच्या दिवशी तो सगळा बाहेर आला तेव्हा त्यांनी काडी चुलीत टाकली. मग मला म्हणाले, "आते तू जेव."

अक्काचा पाय वाचला. ती लंगडी झाली नाही. गावात लोक काय म्हणाले? थोडंफार म्हणाले. पण ज्या घरांत नारू होता त्या घरांतल्या बाया आठवडाभरातच निरोप धाडू लागल्या, "आबासले सांगा, आमना पाय बी देखी ज्या."

दुसरा कुणी असता तर ह्यानंतर मधाचा महिमा गात फिरला असता. आबा मात्र दोन दिवस मडक्यांसमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "भाऊ, मन्हा घरम्हा बारा मडका मध शे. सूनले सालभर जंतना औषध दिधं. तरी तिले नारू व्हयनाच कसा?" मला उत्तर माहीत होतं. ते दवाखान्यातल्या सरकारी पत्रकात छापलेलं होतं, आणि ती पत्रकं मी पुड्या बांधायला वापरत असे. मी डॉक्टरांचं भिंग मागून आणलं. गावाची बारव पायऱ्यांची होती. माणसं पायऱ्या उतरून पाण्यात घोट्याइतकी उभी राहून घागरी भरत. ज्याच्या पायाला नारू, तोही तिथेच उभा राही. मी त्या पाण्याचा पेला उन्हात धरला आणि आबांच्या हातात भिंग दिलं. पाण्यात ठिपक्यांएवढे बारीक जीव टुणटुण उड्या मारत होते. मी सांगितलं, पायातल्या नारूची पिल्लं पाण्यात सुटतात, हे जीव ती खातात, आपण हे जीव पितो, आणि बरोब्बर वर्षानं नारू पायातून निघतो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं की संपलं.

आबांनी पेला खाली ठेवला. "चाळीस वरीस मी मध गाळी राहिनू," ते म्हणाले. "पाणी एक डाव बी नही गाळं."

त्याच दिवशी संध्याकाळी ते चावडीवर गेले. मी बरोबर होतो. सगळा गाव जमलेला. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "मी चुकनू. मध जखम भरस, पण मध नारूले आडवस नही. मी तुमले चाळीस वरीस सांगं, ते आर्धं खरं नि आर्धं खोटं." चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर एका माणसाचं नाव उभं होतं, ती त्यानं इतक्या सहज, पाण्याची घागर खाली ठेवावी तशी, चारचौघांत खाली ठेवलेली मी पहिल्यांदा पाहिली. मोठमोठ्या डिग्र्यांच्या माणसांना हे जमत नाही. मग त्यांनी सांगितलं, पाणी गाळा, आणि बारवेच्या पायऱ्या उतरू नका, वरून दोरानं काढा.

लोकांनी चुकीची कबुली आनंदानं ऐकली आणि पाण्याची गोष्ट कानाआड केली. पाटील म्हणाले, "आबा, पायऱ्या बापजाद्यासनी काय शोभाले बांध्यात?" सगळे हसले. आठवडाभर आबा पायऱ्यांच्या तोंडाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातापाया पडले. लोक रामराम करून त्यांना वळसा घालून खाली उतरत.

आठव्या दिवशी पहाटे आबांनी सातेरी माश्यांचं एक भरलं मडकं उचलून नेलं आणि बारवेच्या सातव्या पायरीशी भिंतीत जो कोनाडा होता त्यात ठेवून दिलं. सातेरी म्हणजे गाईसारखी गरीब माशी, हे ते स्वतः आयुष्यभर सांगत आले होते. पण त्या सकाळी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. "ह्या माश्या वायल्या शेत," ते गंभीरपणे म्हणाले. "पार डोंगरनी पल्याडन्या. बैल मारतीस." पाटलांनी विश्वास ठेवला नाही. ते काठी घेऊन उतरले, आणि काठी कोनाड्याला लागली. गाय झाली तरी शिंगं असतातच. पाटील वर आले तेव्हा त्यांच्या नाकाचा आणि वरच्या ओठाचा सांधा कुठे आहे ते कळत नव्हतं. आबांनीच त्यांना मध लावला. त्यानंतर कुणी पायऱ्या उतरलं नाही. बारवेच्या काठावर लाकडं रोवून रहाट बसवला गेला. लाकूड आबांच्या गाडीचं. जिजींनी आपलं जुनं लुगडं फाडून घरोघर गाळणी वाटली, आणि प्रत्येकीला बजावलं की ह्यातून पाणी गाळायचं, नाही तर सातपुड्यापलीकडच्या माश्या घरी येतात.

पुढच्या उन्हाळ्यात नारू निघालेच. निघणारच होते, कारण ते आदल्या वर्षीच्या पाण्यातले होते. पण हे लोकांना कोण समजावणार? पाटील म्हणाले, "देखा!" सारं गाव आबांवर उलटलं. रहाट ओढून ओढून हाताला घट्टे पडले, माश्यांनी छळलं, आणि नारू आहेच. काही जणांनी मडकं फोडायचं ठरवलं. आबा रोज सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्या सातव्या पायरीवर मडक्याला पाठ लावून बसू लागले. उन्हाळाभर. जेवणाचं ताट अक्का वरून दोरानं सोडायची. मी एकदा गेलो तेव्हा खाली बसून ते माश्यांशी काहीतरी बोलत होते. मला पाहून म्हणाले, "एक वरीस. नारूले बी वरीस लागस, माणूसले बी लागी."

त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टरांनी मला मुद्दाम त्या गावात पाठवलं. मी घरोघर फिरलो, पाय पाहिले. पेरणी चालू होती. खाटा रिकाम्या होत्या. एकही नारू मला सापडला नाही. मी चावडीवर येऊन हे सांगितलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. पाटील फक्त उठले, घरात गेले, आणि आबांसाठी चहा घेऊन आले. आबांनी एक घोट घेतला आणि पाटलांची पापणी ओढून बघितली.

मग माझी बदली भुसावळला झाली. दवाखाना मोठा, तिथे सूक्ष्मदर्शक होता. आबा थकले होते, पण एकदा पत्र न टाकता ते आगगाडीत बसून एकटेच आले, आयुष्यात पहिल्यांदा. धोतराला कोळशाचे डाग. "माले ते यंतर दाखाड," म्हणाले. योगायोगानं त्या दिवशी बोदवडकडचा एक नारूचा रोगी आला होता. मी त्याच्या फोडावर पाणी सोडलं. दुधासारखा एक थेंब निघाला, तो काचेवर घेतला, काच नळीखाली सरकवली आणि आबांना स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून दुसरा नळीला लावायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते स्थिर झाले.

थेंबात नारूची शेकडो पिल्लं होती, केसाहून बारीक, वळणं घेणारी, उलगडणारी. आबा हलेनात. बाहेर रोग्यांची रांग वाढत गेली, नर्सबाई दोनदा डोकावून गेल्या. शेवटी त्यांनी डोळा काढला. तो पाण्यानं भरला होता. वय झालं होतं, एकटक पाहिल्यानंही असेल.

"कितलं सुंदर शे रे," ते म्हणाले. "उभा जनम ह्यासनासंगे भांडनू, नि तोंड आज देखं."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाला हात जोडले, पटका सारखा केला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पावसाळा संपता संपता अक्काचं पत्र आलं. आबा झोपेतच गेले होते.

ती काच मी बरेच दिवस धुतली नाही. थेंब केव्हाच वाळून गेला होता, तिच्यावर एक पुसट गोल डाग तेवढा राहिला होता. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी दोनदा विचारलं, ही काच अशी बाजूला का ठेवलीय म्हणून. मी दोन्ही वेळा म्हणालो, धुतो.